सांग तिला

ती दोन मडकी शेजारी शेजारी मांडलेली दिसली आणि सत्यवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दर वर्षी जायची. पौषात वालाच्या शेंगा भरल्या की तिच्या नवऱ्याच्या, काळूरामच्या शेतात मडक्यात शेंगा भाजायची घरची पोपटी लागायची, आणि दर वर्षी तो मोठ्या मडक्याशेजारी एक लहान मडकं ठेवायचा. मोठ्यात सगळ्यांसाठी शेंगा, बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी. लहानात नुसत्या शेंगा आणि रताळी, कारण ते धाकट्या जावेचं, कोकिळेचं, आणि कोकिळेच्या गळ्यात तुळशीची माळ. माळकरी बाईचं वेगळं शिजवावं, ह्यात वावगं काय? काहीच नाही! म्हणून तर सत्यवतीला तोंड उघडायची सोय नव्हती. पण डोळे तर उघडे होते ना? मोठ्या मडक्यात शेंगा मुठीमुठीनं पडत होत्या आणि लहानात एकेक निवडून. किडकी शेंग हाताला लागली की तिची रवानगी मोठ्या मडक्यात.

"म्हंजी किडे आम्ही खायचे," सत्यवती पुटपुटली.

"काय गो?"

"काय न्हाय. ओवा घ्या."

काळूरामनं ओवा चोळून टाकला, वर जाडं मीठ टाकलं. मीठ टाकताना त्याचा हात अजून मिठागरातलाच होता. बापजाद्यांची मिठागरं कधीच बंद पडली, पोरानं, धनेशनं डंपर घेतले, वडखळच्या नाक्यावर 'काळूरामशेठ' म्हणून लोक हाक मारायला लागले, पण पोपटी लावायची म्हटलं की शेठ धोतराचा काष्टा मारून मातीत बसायचा. दुसऱ्या कुणी मडक्याला हात लावायचा नाही. आजवर त्याची पोपटी कधी कच्ची राहिली नाही की करपली नाही, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

चार हातांवर कोकिळा पाठ करून बसली होती. डोक्यावर पदर, पुढ्यात भांबुर्डीचा पाला. ती पाला खुडून पाटीत टाकत होती. मडक्याचं तोंड त्याच पाल्यानं बंद करायचं असतं.

"सांग तिला," काळूराम म्हणाला, "यंदा रताळी घातल्यात म्हणावं. मुद्दाम नागावहून मागवली. तिला गोड लागतात."

सत्यवतीनं मान वळवली. "रताळी घातल्यात गं."

गोड लागण्याचं आणि नागावचं तिनं गिळून टाकलं.

"बाय, त्यांना सांगा," पाठमोरी कोकिळा म्हणाली, "माझ्यासाठी एवढी खटपट कशाला केलीत? मी काय, शेंगांवर पण राहिले असते."

"कशाला म्हणते," सत्यवतीनं नवऱ्याला सांगितलं.

आता बघा, चार हातांवर बसलेली दोन माणसं. त्यानं बोललेलं तिला ऐकू येतंय, तिनं बोललेलं त्याला ऐकू येतंय. तरी मधे सत्यवती पाहिजेच. थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी, त्याच्याशी तोंडाला तोंड द्यायचं नाही, असं सासूनं, बायजानं, कोकिळेला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढं सांगितलं होतं. तेव्हा घरोघर तीच रीत होती. पुढं बायजा गेली. कोकिळेचा नवरा चांगदेव हायवेवरच्या अपघातात भरल्या संसारातून उठून गेला. रीतही गेली, आता गावातल्या सुना थोरल्या दिराच्या गळ्यात हात घालून फोटो काढतात आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. ह्या दोघांनी मात्र ती पाळली. सांगायला सासू उरली नाही, बोट दाखवायला गाव उरलं नाही, तरी पाळली. गावातल्या म्हाताऱ्या वेणूबाईसारख्या बायका म्हणायच्या, कोकिळा काय मर्यादेची बाई, आणि काळूरामशेठ तर देवमाणूस!

सत्यवती ऐकायची आणि मनात म्हणायची, मर्यादेची तर मर्यादेची. पण ज्याला बोलायची भीती वाटते, तोच न बोलायची रीत एवढी जपतो. एकदा बोलायला लागले तर काय बाहेर पडेल, हे त्या दोघांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. बोट ठेवावं असं मात्र तीस वर्षांत एकदाही काही सापडलं नाही. एक वाकडी नजर नाही, की एक जादा शब्द नाही. आता ह्यावर भांडायचं तरी कसं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

काळूरामचा आवाज एरवी डंपरच्या हॉर्नसारखा. ड्रायव्हरांना हाक मारली की खाडीपलीकडं ऐकू जायची. पण 'सांग तिला' म्हटलं की तोच आवाज खाली यायचा, मऊ व्हायचा. तो मऊ आवाज सत्यवतीच्या कानात पडायचा, पण तिच्यासाठी नसायचा. ती नुसती हमाल. ह्या दारातलं उचलायचं, त्या दारात टाकायचं. आणि हमालानं वाटेत थोडं सांडलं तर बिघडलं कुठं? "थंडी हाय, शाल घे म्हणावं," हे कोकिळेपर्यंत जाताना नुसतं "शाल घे" व्हायचं. "जेवली का विचार," ह्याचं "जेवून घे, भांडी खोळंबल्यात" व्हायचं. तेवढाच काय तो तिचा सूड.

कोकिळेला टायफॉइड झाला तेव्हा हा बाप्या पेणच्या दवाखान्याच्या बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून राहायचा. आत पाऊल टाकलं नाही. सत्यवतीच आत-बाहेर करायची. ताप उतरला का, पेज घेतली का, झोप लागली का! आणि सत्यवतीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा? तेव्हा थेट खाटेवर येऊन बसला, "बरी हायस ना?" म्हणाला आणि तिला भेटायला आलेल्यांनी आणलेली केळी खाऊन गेला.

मडक्यांच्या तोंडात पाला दाबून काळूरामनं ती खाली बांधाजवळ नेली, जमिनीवर पालथी घातली, भोवती पेंढा, गोवऱ्या आणि सुकी लाकडं रचली. बायका वर खळ्यात घोंगडी टाकून बसल्या. खाडीकडून वारा होता. सूर्य अजून वीतभर वर होता.

तेवढ्यात पूनमची गाडी आली.

पूनम ही कोकिळेची एकुलती एक. उलव्याला राहायची, विमानतळावर नोकरीला होती. नवरा साहिल गाडी लावायला गेला आणि ही पोरीला कडेवर घेऊन थेट घोंगडीवर येऊन टेकली. टेकली म्हणजे काय, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"मोठी आई, मी आईला न्यायला आलेय. आजच. आणि कायमची हां, चार दिवसांसाठी नाही."

सत्यवतीच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"माझी शिफ्ट बदललीय. छोटीला पाळणाघरात टाकायला जीव होत नाही. आणि आईनं तरी इथं किती दिवस राबायचं? माझ्याकडं लिफ्ट आहे, खाली बाग आहे, शेजारी दोन बायका हरिपाठ म्हणतात. तिला काय पाहिजे दुसरं?"

"अगं, पण असं एकदम?" धनेशची बायको अमिषा मधेच म्हणाली. "काकी गेल्या तर आमच्या पोरांना कोण बघणार? मी क्लासेस घेते संध्याकाळी. सिरियसली, आई, तुम्ही सांगा ना हिला!"

अमिषा म्हणजे सत्यवतीची लाडकी सून. तिनं म्हणावं आणि सत्यवतीनं मान डोलवावी, असं सात-आठ वर्षं चाललेलं. आज सत्यवतीनं मान डोलवली नाही.

"लेकीचा हक्क हाय तो," ती म्हणाली. "आपण कोण आडवं येणार?"

धनेश शेंगा चघळत उभा होता, त्याला तर लॉटरीच लागली. घराची कोकिळेकडची बाजू पाडून तिथं डंपरच्या धंद्याचं ऑफिस काढायचं त्याच्या मनात कधीचं होतं, आणि आई नेमकी त्यालाच आडवी यायची.

"बरोबर बोलली आई," तो म्हणाला. "काकी, तुम्ही बिनधास्त जा. हितली काळजीच करू नका."

"तुला ऑफिस दिसतंय," अमिषा फणकारली.

"आणि तुला फुकटची बाई दिसतेय."

"धनेश! काकी बसल्यात समोर."

"बसू दे. खोटं काय बोललो?"

कोकिळा खाली बघत होती. नातीनं तिच्या गळ्यातली माळ धरून ओढली, ती तिनं हळूच सोडवून घेतली. तिच्याविषयी एवढं बोलणं चाललं होतं, पण तिला अजून कुणी काही विचारलं नव्हतं. सत्यवती मात्र मनातल्या मनात हात जोडत होती. देवा हरिहरेश्वरा, तीस वर्षांनी ऐकलंस रे बाबा! उद्या सकाळी चुलीपुढं ही नसणार. 'सांग तिला' नसणार. जे काय बोलायचं ते त्यानं माझ्याशी बोलायचं, माझ्यासाठी बोलायचं. मऊ आवाज काढायचा तर माझ्यापुढं काढायचा.

"मी येते पूनम," कोकिळा म्हणाली. "न्हाय म्हणत न्हाय. पण घरातल्या थोरल्या माणसाला विचारल्याबिगर माझा पाय निघायचा न्हाय."

"मग विचार ना. ते काय बसलेत तिथं."

कोकिळेनं पदर पुढं ओढला.

"अगं आई!" पूनम कपाळावर हात मारून म्हणाली. "आता तरी! तू आजी झालीस, ते आजोबा झाले. चालत जा आणि विचार, मोठे बाबा, मी जाऊ का? संपलं."

"न्हाय गं," कोकिळा म्हणाली आणि सत्यवतीकडं वळली. "बाय, तुम्ही विचारा. म्हणावं, जाऊ का राहू. ते म्हणतील तसं करीन."

सत्यवती उठली. गुडघे कुरकुरले, पण आज ती त्यांच्यावरही चिडली नाही.

खळ्यापासून बांधापर्यंत शेताची एक वाट होती. खाली काळूराम एकटाच जाळापुढं उकिडवा बसला होता, हातात फांदी, जाळ सारखा करत. ती आली तशी त्यानं मान वर केली.

"पोरगी अशी अवेळी कशी आली गो?"

"तिला न्यायला आलीय. उलव्याला. कायमची."

त्यानं फांदी खाली ठेवली.

"ती काय म्हणते?"

"ती म्हणते, तुमाला विचारा."

"शब्दाला शब्द सांग."

आणि सत्यवतीनं सांगितला. वाटेत काही न सांडता, आजवर पहिल्यांदा. "म्हणाली, जाऊ का राहू. ते म्हणतील तसं करीन."

काळूराम जाळाकडं बघत राहिला. 'तुला काय वाटतं गो,' असं तो विचारील म्हणून सत्यवती उभी राहिली. बायको आहे, घरातली थोरली आहे, एवढं तर विचारावं माणसानं. त्यानं विचारलं नाही. त्याला ती तिथं उभी असल्याचीही शुद्ध नव्हती.

"सांग तिला," तो म्हणाला आणि थांबला. "सांग तिला..." पुन्हा थांबला. मग एका दमात म्हणाला, "जा म्हणावं. लेकीचं घर हाय. हितं चुलीपुढं जन्म गेला तिचा. आता गॅलरीत बसावं, नातीला खेळवावं. जा म्हणावं तिला."

जिंकली! सत्यवती जिंकली होती. आता गप वळायचं आणि निरोप पोचवायचा, एवढंच काम होतं. पण जिभेला हाड नसतं ना.

"राहा न्हाय म्हणायचं?"

"राहा म्हटलं तर राहील ती," काळूराम म्हणाला. "म्हणून न्हाय म्हणायचं."

धूर खाडीकडं चालला होता, त्याच्याकडं नव्हता. तरी त्यानं उपरण्यानं डोळे पुसले.

सत्यवती वळली. चार पावलं गेली. असा मत्सर तिला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. लहान मडकं बघून झाला नव्हता, दवाखान्याच्या व्हरांड्यात झाला नव्हता. हा माणूस स्वतःच्या हातानं आपलं काळीज कापून देत होता, आणि तेही तिला कळू न देता! ती स्वतः एकदा रुसून माहेरी गेली होती, तर तिसऱ्या दिवशी दारात हजर. का? तर म्हणे, गुरांना वैरण कोण घालणार. त्यानं तिला कधी 'जा' म्हटलं नव्हतं, कारण तिच्या जाण्यानं त्याचं अडत होतं. जिच्या जाण्यानं जीव जाणार होता, तिला मात्र 'जा'.

आणि ही गेली की काय होणार? सत्यवती वाटेतच थांबली. इथं राहिली तर रोज डोळ्यांपुढं म्हातारी होईल. खोकेल, गुडघे धरून उठेल, दात पडतील, सुनांशी कुरबुरी करील, एक दिवस त्यालाही तिचा कंटाळा येईल. तिकडं गेली की संपलं. मग ती म्हातारी व्हायचीच नाही. त्याच्या मनात आहे तशीच राहील, डोक्यावर पदर घेतलेली, पाठमोरी. चुलीपुढच्या बाईशी भांडता येतं. मनातल्या बाईशी कसं भांडायचं?

नाही. ही इथंच पाहिजे, माझ्या डोळ्यांपुढं.

ती खळ्यात आली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"राहा म्हणाले," सत्यवती म्हणाली.

अमिषानं टाळी वाजवली. धनेश तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. पूनम म्हणाली, "मोठे बाबा पण ना, कमाल करतात!" पण सत्यवती ह्यांतल्या कुणाकडं बघत नव्हती. ती कोकिळेकडं बघत होती.

कोकिळेनं मान वर केली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरला आणि तो तिनं सावरला नाही.

"काय म्हणाले, बाय?"

"राहा म्हणाले."

"असंच?"

"असंच."

"पुन्हा एकदा सांगा," कोकिळा म्हणाली. "त्यांनी सांगितलं तसं सांगा."

आता माघार घ्यायची कशी? सत्यवतीच्या तोंडातून, तिच्याच आवाजात, पण नकळत तो खाली आणून, मऊ करून, ते शब्द बाहेर पडले. "सांग तिला, राहा म्हणावं. कुठं जाऊ नको म्हणावं."

कोकिळा हसली. मोठ्यानं नाही. नुसतं तोंड उजळलं. तीस वर्षं एका चुलीवर भाकरी थापल्या, पण जावेचं असं हसू सत्यवतीनं पाहिलं नव्हतं. चांगदेव असतानाही नाही, पूनमच्या लग्नातही नाही. तरुण दिसली मेली त्या हसण्यात! नातीला छातीशी धरून ती क्षणभर डोळे मिटून बसली, आणि उठली.

"पूनम, माझी दोन लुगडी आणि विठोबाची तसबीर तेवढी घे. बाकी राहू दे."

"म्हणजे? अगं, ते राहा म्हणालेत ना?"

"व्हय. ऐकलं की."

"मग?"

"मग काय, चल. आता येते मी."

सत्यवती पुढं झाली. "अगं, कोकिळे! राहा म्हणाले ते. ते म्हणतील तसं करीन म्हणाली होतीस."

कोकिळेनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला. "बाय," ती हलक्या आवाजात, फक्त सत्यवतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "हे ऐकून घ्यायला मी राहिले होते. आता कशाला राहू? तुम्हाला किती वर्षं मधे उभं करायचं?"

सत्यवतीला तेव्हा कळलं. ह्या बाईला जन्मभर एक शब्द ऐकायचा होता. तो त्यानं दिला नव्हता. तो दिला सत्यवतीनं. स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडचा, त्यानं कधी न उच्चारलेला, स्वतःला कधी न मिळालेला शब्द, तिनं आपल्या तोंडानं सवतीच्या ओटीत घातला. सवत तरी कसली! बिचारीनं तीस वर्षांत काही मागितलं नव्हतं. तिचा राग करायचीही आता सोय राहिली नाही.

"अरे, वास कसला येतोय?" धनेश ओरडला. "बाबा! पोपटी!"

सगळे बांधाकडं धावले. काळूराम तसाच जाळापुढं बसला होता. मडक्यांवर पाणी शिंपडून चर्र वाजतं का बघायचं, ते तो विसरला होता. उलट आणखी लाकडं घालत बसला होता. धनेशनं काठीनं मडकी ओढली, पाला काढून केळीच्या पानावर उलटी केली. शेंगा कोळसा झालेल्या, अंडी फुटलेली, कोंबडीच्या पानांची राख.

"बाबांनी पोपटी जाळली!" अमिषा हसत सुटली. "फोटो काढू का, बाबा? ग्रुपवर टाकते."

"गावात सांगू नका रे," धनेश म्हणाला. "शेठची इज्जत गेली."

काळूराम ओशाळून हसला. "म्हातारा झालो," म्हणाला. त्या हशात 'राहा'ची गोष्ट त्याच्यापुढं कुणी काढलीच नाही.

कोकिळेनं आपल्या लहान मडक्यातल्या काळ्या शेंगा चिमटीनं गोळा केल्या, फुंकर मारून पदराच्या टोकाला बांधल्या. अमिषा म्हणाली, काकी, टाका ते, पोट बिघडेल. कोकिळेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ती काळूरामपासून चार हातांवर उभी राहिली, वाकून तिथल्या मातीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि पूनममागून वर गेली. त्यानं हात जोडले, पण तोवर तिची पाठ झाली होती.

गाडी बांधाच्या रस्त्यानं वळण घेऊन दिसेनाशी झाली. धनेश-अमिषा घरी भांडत गेली. ऑफिसची बाजू कुणाची आणि पोरांची संध्याकाळ कुणाची, हे आता ठरायचं होतं. खाली शेतात नवरा-बायको उरली. सत्यवती मडकी आणि पानं गोळा करत होती. काळूराम निखारे पसरत होता. सूर्य खाडीला टेकला होता.

"नीट सांगितलंस ना तिला?"

"सांगितलं."

"रडली?"

"न्हाय," सत्यवती म्हणाली. "हसली."

"हसली?" काळूरामनं मान हलवली. "बरं झालं. सुटली बिचारी. तिच्या मनातच होतं जायचं."

खरं सत्यवतीच्या जिभेवर आलं होतं. एक वाक्य बोलली असती तर त्या म्हाताऱ्याला जन्माचं पुरलं असतं. ती बोलली नाही. कोकिळेला एक शब्द दिला तेवढा पुरे. त्या हसण्याचा अर्थ ह्याला द्यायला ती काही संत नव्हती. मेल्यानं झुरावं थोडं! तिनं पानं एका बाजूला टाकली आणि त्याच्या समोर मातीतच बसकण मारली.

"अवो."

"काय?"

"मी जाते म्हटलं तर?"

"कुठं?"

"कुठं पण. धनेशनं उद्या पनवेलला फ्लॅट घेतला, मी म्हटलं जाऊ का राहू, तर काय सांगाल?"

काळूराम गोंधळला. त्यानं वर खळ्याकडं पाहिलं, बांधाकडं पाहिलं, कुणी आहे का आसपास, असं. कुणी नव्हतं.

"असं काय विचारतेस गो?" तो म्हणाला. "तुला सांगायला मी आता कुणाला पाठवू?"

"कुणाला पाठवू नका," सत्यवती म्हणाली. "मी समोर बसलेय. मना सांगा."

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. हातातली फांदी निखाऱ्यात फिरवली, बाजूला ठेवली. एवढा ड्रायव्हरांवर ओरडणारा माणूस, पण बायकोपुढं त्याला एक शब्द सुचेना. चेष्टेनं टाळावं तर तेही जमेना, कारण सत्यवती हसत नव्हती.

वर घराकडून अमिषानं हाक मारली, आई, अंधार पडतोय, येताय ना? सत्यवतीनं ओ दिली नाही. ती तशीच त्याच्या तोंडाकडं बघत बसून राहिली.